चाळीस वर्षांचा अन्याय

इंग्लंड, मे २००७. ब्रॅकनेलच्या ऑफिसातून यतीन थेट कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, हॉलवर आला होता. मराठी मंडळापुढे त्याचं व्याख्यान होतं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाने १९०७ साली तिथल्या भारतीयांचा मताचा हक्क काढून घेतला, तो परत दिला १९४७ला! “चाळीस वर्षं!” यतीनने टेबलावर मूठ आपटली. बावीस श्रोते चहा बाजूला ठेवून हळहळले.

त्याची बायको ऋजुता पुढे येऊन कुजबुजली, “अरे, आटप. शेजारच्या खोलीत कौन्सिलचं मतदान चालू आहे. इंडियन पासपोर्टवर इथे मत देता येतं, आपल्या सगळ्यांची मतदानाची कार्डं आलीयेत. हा हॉल वाचवीन म्हणणारी बाई उभी आहे. हॉल गेला तर पोरांची मराठी शाळा गेली.”

“इथे इतिहास चाललाय, ऋजुता,” म्हणत यतीनने मधलं दार लावून घेतलं. पलीकडच्या लोकांचा फार आवाज येत होता. व्हिक्टोरिया, व्हँकुव्हर करत व्याख्यान दहा वाजून पाच मिनिटांनी संपलं.

ती बाई एकोणीस मतांनी पडली. महिन्याभरात हॉलला कुलूप लागलं.

“एवढा मोठा निर्णय, आणि आपल्याला कोणी विचारलंसुद्धा नाही!” यतीन कडाडला.

“विचारलं होतं,” ऋजुता म्हणाली. “सकाळी सात ते रात्री दहा.”