बरोबर हत्यार

"हत्यार बरोबर निवडलं की निम्मं काम झालं, हौसाबाई!" मी व्हरांड्यात सगळं मांडून सांगत होतो. हे ढकलायचं मशीन, ही कडा छाटायची लांब कात्री, हे दाताळं. एकेका वस्तूसाठी मी दहा-दहा दुकानं पालथी घातली होती. पोटच्या पोरासारखं वाढवलेल्या माझ्या छोट्याशा लॉनवर संध्याकाळी मुलीचा घरगुती साखरपुडा होता, आणि माळी नेमका गावाला गेला होता, म्हणून हौसाबाईंना बोलावलं होतं.

हौसाबाईंचा जन्म लोकांच्या शेतात भांगलण करण्यात, तण काढण्यात गेलेला. त्यांनी मशीनला लांबूनच हात जोडले. "ह्यातलं कायबी नगं, दादा. माझं हत्यार माझ्याजवळ हाय."

"काहीही वापरा, पण गवत सगळीकडून एकसारखं काढा," असं बजावून मी पेढे आणायला गेलो.

दुपारी फाटक उघडलं आणि पेढ्यांचा खोका हातातून गळून पडला. लॉन नव्हतंच. त्या जागी काळीभोर, भुसभुशीत माती होती आणि कुंपणाशी मुळांसकट उपटलेल्या गवताचा ढीग.

मुलीला घेऊन पार्लरमधून मागोमाग आलेली बायको मातीकडे बघतच राहिली. मग तिनं हळूच विचारलं, "तुम्ही 'कापा' म्हणालात, की 'काढा'?"

हौसाबाईंनी खुरपं कमरेला खोचलं, पदरानं घाम पुसला आणि समाधानानं हसल्या.

"एक काडी ठेवली न्हाय, दादा. रान तयार हाय. आता पेरायचं काय?"