ओले कोपरे

पोत्याचं तोंड उघडं धरून संग्राम कपाटासमोर वाकला होता. "भिया, बाहर आ जा. लोहारदा गावाला नेतो तुला. तिथल्या धान्याच्या मंडीत इतके उंदीर आहेत, ऐश करशील."

कपाटाखालून नुसती गुरगुर आली.

भिया म्हणजे माधवीच्या आईचा बोका. चौकातल्या पुढाऱ्यासारखा एक दिवस तो आरामात घरात शिरला, तेव्हा आईनेच त्याला 'भिया', म्हणजे गल्लीतला दादा, हे नाव दिलं होतं. आईला जाऊन आज चौदा दिवस झाले होते.

"मारा असं म्हणत नाही मी," अक्का म्हणाल्या. अक्का म्हणजे माधवीच्या वडलांची थोरली बहीण, संग्रामची आई. तेरा दिवस घरातलं सगळं त्यांनीच निभावलं होतं. आत्ताही त्यांच्या एका हातात दर्भाची जुडी होती, दुसऱ्या हातात गोमूत्राचा तांब्या. "मांजर मारायचं पाप आपल्याला नको. पण सोडून यायलाच हवं. चार दिवसांत चार कोपरे घाण केले मेल्याने. आज तर वहिनीच्या खाटेखाली! मी रोज शिंपडून घर शुद्ध करतेय आणि हा रोज बाटवतोय."

माधवी दारात उभी होती. मागच्या पडवीत भियासाठी ठेवलेला रेतीचा टब जागेवरच होता. रेती तिने सकाळी स्वतः बदलली होती. तशीच्या तशी कोरडी होती ती.

"आई गेल्यावरसुद्धा दहा दिवस तो टबातच जात होता," ती म्हणाली.

"मग अकराव्याला काय झालं? अंगात आलं त्याच्या?"

संग्राम हसला. मामीच्या रिकाम्या खाटेकडे नजर गेली तसा पुन्हा कपाटाकडे वळला.

अकराव्याला. त्याच दिवसापासून अक्का शिंपडू लागल्या होत्या. माधवीने अक्कांच्या हातातल्या तांब्याकडे पाहिलं. मग ती खाली बसली, हात टेकले आणि जमिनीला नाक लावून खाटेखालचा कोपरा हुंगला.

"अगं, काय करतेस हे? ऊठ!"

ती उठली नाही. रांगत देवघराच्या कोपऱ्यात गेली, तिथून उंबऱ्याशी, तिथून कपाटाच्या पायाशी. सगळीकडे दोन वास होते. वरचा भियाचा. त्याच्याखाली गाईचा. भियाच्या लेखी, कधी न दिसणारं कुठलंसं मोठं जनावर रोज घरात येत होतं आणि कोपऱ्याकोपऱ्यात आपली खूण ठेवून जात होतं. आणि घरात तो एकटाच त्याला रोज नाही म्हणत होता.

"अक्का, तुम्ही जिथे शिंपडता तिथेच तो जातो. त्याला वाटतं दुसरं जनावर आलंय. म्हणून त्यावर तो आपला वास टाकतो."

"म्हणजे मी शिकवलं त्याला?"

"हो."

"आई, बात तो सही है," संग्राम म्हणाला. "आपल्या गाडीच्या टायरवर कुत्ते यही करतात. एकानं केलं की सगळे."

"तू तोंड बंद ठेव. गाईची आणि कुत्र्याची बरोबरी करतोयस!"

माधवी उठून उभी राहिली. गुडघ्यांवर ओल लागली होती. "आता शिंपडायचं नाही. साबणाच्या गरम पाण्याने मी सगळं घर धुऊन काढते. तो थांबेल."

"आणि घर शुद्ध नाही झालं तर वहिनीचं सुतक फिटलं असं म्हणायचं कसं?"

"नाही फिटलं तरी चालेल मला."

मग अक्कांचा आवाज उतरला. "माधवी, हे मी माझ्यासाठी करत नाही बाई. चाळीस वर्षं वहिनीच्या हातचं खाल्लंय मी. तिच्या घरात घाण मला बघवत नाही." त्यांनी पदराने डोळे टिपले आणि पुन्हा ताठ झाल्या. "पण ऐकून ठेव. हा बोका इथे राहिला तर या घरात मी पाणी पिणार नाही."

"मी बाहेर ओट्यावर आणून देईन, अक्का."

तिने अक्कांच्या हातातून तांब्या घेतला. आजवर त्या हातातून कुणी काही काढून घेतलं नव्हतं. अक्का आपल्या रिकाम्या हाताकडे बघत राहिल्या. माधवी मागच्या दारी गेली आणि तांब्या तुळशीच्या मुळाशी उपडा केला. थोडं गोमूत्र तिच्या ओढणीवर उडालं.

परत आली आणि म्हणाली, "संग्राम, पोतं गाडीत ठेवून ये."

संग्रामने आईकडे पाहिलं.

"तिकडे नको. माझ्याकडे बघ."

"जी, ताई," म्हणून त्याने पोत्याची घडी केली आणि बाहेर गेला.

माधवी कपाटासमोर जमिनीवर बसली. पाय पसरले. ओढणी बाजूला पडली होती, तशीच पडू दिली. बऱ्याच वेळाने कपाटाखालून मिशा दिसल्या, मग डोकं, मग धुळीने माखलेला सगळा भिया. त्याने तिचा पाय हुंगला. ओला गुडघा हुंगला. ओढणीच्या टोकाशी आला आणि थबकला. कान मागे गेले. नाक खाली लावून तो कितीतरी वेळ तिथेच राहिला. मग सावकाश वळला आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला.

"अगं ऊठ!" अक्का ओरडल्या. "ऊठ लवकर, अंगावर करेल तो!"

शेपटी ताठ वर गेली आणि टोकाशी थरथरली.

माधवीने ओढणी सावरून घेतली नाही.