केळ्याची माफी

"सहा महिने दुधाशिवाय काही नाही. आणि हे घरातल्या सगळ्यांना समोर बसवून सांगा," असं सुईणबाईंनी नास्तितीला बजावलं होतं.

नास्तितीने मान हलवली आणि सोडून दिलं. सगळ्यांना कशाला? नवरा, सेतो, बाळाला उचलायलाच घाबरायचा. सांगायला हवं होतं ते सासूबाईंना. त्यांना तिने दोनदा सांगितलं.

तरी चाळिसाव्या दिवशी केळं पोटात गेलंच. बाळाचं, सेकारचं, पोट फुगून टणक झालं. चार दिवस दवाखान्यात, एवढ्याशा नाकात नळी. डॉक्टरांनी विचारलं, "कोणी भरवलं?" दोन्ही आज्या दाराशी उभ्या होत्या. नास्तितीच्या आईला तर रडूच आवरत नव्हतं. सासूबाई पुढे झाल्या.

"मी," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे भरवतात."

त्यानंतर तीन महिने रोज सकाळी, "माफ कर हं, पोरी." तेही हसून, जणू हातून कप फुटला होता. किती भरवलं, कशाने, का भरवलं, एकाही प्रश्नाला धड उत्तर नाही. "झालं ते झालं," एवढंच.

नास्तितीचं डोकं दुखायचं. झोप उडाली होती. लायब्ररीतली मैत्रीण म्हणाली, "रोज तीन गोष्टींचे आभार लिहून काढ, मन शांत होतं." नास्तितीने वही आणली. पहिल्या पानावर लिहिलं: आज सासूबाई बाजारात गेल्या होत्या. आज सासूबाईंना सर्दी झाली, म्हणून बाळाजवळ आल्या नाहीत. तिसरी गोष्ट सुचेना.

बरं, आई तरी तिच्या बाजूने असावी! आई बाळंतपणालाच आपल्या गावाहून, क्लातेनहून, आली होती आणि नास्तिती कामावर रुजू झाल्यावर बाळाला सांभाळायला राहिली होती. पण पहिलं ताट विहिणीला, गरम चहा विहिणीला.

"किती पुढेपुढे करतेस गं त्यांच्या?"

"असू दे. मनाने फार मोठी बाई आहे ती."

"मोठी? त्यांच्या ऑपरेशनच्या वेळी महिनाभर तू त्यांचं सगळं काढलंस. त्याची ही फेड!"

आई उठून ईदच्या केतुपतसाठी, पानांच्या पुडीत शिजवायच्या भातासाठी, तांदूळ धुवायला गेली.

ईदच्या पहाटे नास्तितीने सेकारचा लंगोट बदलला आणि तिथेच थबकली. बारीक बारीक काळे दोरे. केळ्याचे. तिने हे इतक्यांदा वाचलं होतं, की ओळखायला क्षणही लागला नाही. बाळ किरकिरत होतं, पोट मात्र मऊ होतं. या वेळी थोडक्यात निभावलं होतं. लंगोटाची घडी करून तिने पिशवीत बांधून ठेवली.

नमाजानंतर बैठकीत खुर्च्या मांडल्या. धाकट्याने थोरल्याच्या गुडघ्यांशी बसायचं, कपाळ टेकायचं आणि म्हणायचं, "माझे आतले-बाहेरचे सगळे अपराध पोटात घाला." कोणते अपराध, ते कोणी सांगत नाही, कोणी विचारत नाही. पहिल्या खुर्चीत नास्तितीची आई होती. सासूबाईंपेक्षा सहा वर्षांनी मोठी. सासूबाई तिच्यापुढे वाकायला गेल्या, तर आईने त्यांना अर्ध्यातच धरलं. वाकूच दिलं नाही.

मग नास्तिती सासूबाईंच्या पुढ्यात बसली. तिने कपाळ टेकलं नाही.

"इबू, काल परत भरवलंत?"

आशीर्वादासाठी पुढे आलेला हात थांबला. सासूबाईंची नजर शेजारी, आईच्या मांडीवरच्या बाळाकडे गेली. 

"हो," त्या म्हणाल्या. "माफ कर."

"अगं, आजच्या दिवशी तरी!" सेतो मागून ओरडला. "माफीचा कोणी पंचनामा करतं का?"

"मी करते! टाके सेकारच्या पोटाला पडले असते, तुझ्या नाही. मी आजच सेकारला घेऊन आईकडे जाते. कामावर तिथून ये-जा करीन. दिवसभर आई आहेच."

तेव्हा सासूबाईंचं हसू पहिल्यांदा गेलं.

"नको गं. हवं तर मला खोलीत कोंड. पण बाळ इथेच राहू दे, माझ्या डोळ्यांसमोर."

"तुमच्या डोळ्यांसमोरच तर झालं सगळं!"

दुपारी सेतोने गाल फुगवून सामान गाडीत भरलं. नास्तिती बाळाला घेऊन पुढे बसली. आईचा पत्ता नाही. नास्तितीने आरशात पाहिलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओट्यावर सासूबाई बसल्या होत्या आणि आई खाली फरशीवर, त्यांच्या गुडघ्यांवर कपाळ टेकून.

तिने हात लांब करून हॉर्न दाबला. "आई, ऊठ! वयाने मोठी तू, आणि पाया कोणाच्या पडतेस? कमाल आहे बाई तुझी!"

हॉर्न वाजतच होता. सासूबाईंनी आईला खांद्यांना धरून उठवलं, जवळ ओढलं आणि तिच्या कानाशी तोंड नेलं.

"माझ्या आजारपणात तुम्ही जे केलंत, ते मी विसरले नाही, विहीणबाई. म्हणून दोन्ही वेळा तुमचं मी माझ्या अंगावर घेतलं. पण क्लातेनला मी नसेन. आता एक चमचासुद्धा भरवू नका."