खड्डे किती खोल

ड्रायव्हर दत्ताराम साहेबांना साइटवर न्यायला गाडी घेऊन बहारीनच्या झिंज भागात पोचला, तेव्हा तानाबेसाहेब दारातच उभे होते, हातात घरून आलेला एक फोटो घेऊन. साहेबांचं गाव जपानातलं नारा. फोटोत मोकळं मैदान, ताणलेली सुतळी आणि रांगेने खणलेले खांबांचे खड्डे.

दत्तारामाने त्यांचा हातच धरला. "मुबारक हो, साब! नया घर?"

साहेब पोट धरून हसले. "नया मफी, नया नहीं! किंग का पॅलेस. बाराशे साल पुराना."

मग साइटवर पोचेपर्यंत त्यांनी मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. नारा तेव्हा राजधानी होती. पुढे राजधानी हलली, लाकडी राजवाडा गेला, रस्त्यांवर भातशेती आली. उरले ते मातीखालचे खड्डे. आता त्यांच्यावरूनच जाणते लोक सांगतात, इथे दरबार भरायचा, इथे राजा बसायचा.

गाडी थांबवून दत्तारामाने खिशातून त्याच्या घरून आलेला फोटो काढला. मोकळी जागा, सुतळी, खड्डे. बहारीनमधल्या सात वर्षांच्या कमाईतून कोकणात आत्ता कुठे घर उभं राहत होतं. साहेबांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले आणि हळूच मान लववली.

या फोटोबरोबर त्याच्या बायकोने, शेवंतीने विचारलं होतं, खांबांचे खड्डे किती खोल घ्यायचे? गवंडी म्हणतो, हातभर पुरेत.

दुपारच्या सुट्टीत दत्तारामाने उत्तर लिहिलं, "गवंड्याक सांग, चांगले कमरेभर खोल काढ. बाराशे वर्षांनी कोणतरी आपला घर बघूक येतलो."