दहापैकी चार

“चार,” संघाचा फिजिओ वॉल्ट म्हणाला. “दहापैकी चार शब्द आठवले. ऑगस्टमध्येही चारच होते. महिने उलटे म्हणून दाखवले, तेही तेवढ्याच वेळात. जुळतंय, ग्रेटा. कागदावर तरी पोरगी ठीक आहे.”

त्याने कागद कोचच्या हातात दिला. मध्यंतराची सहा मिनिटं उरली होती. भिंतीपलीकडे बँड वाजत होता आणि त्या तालावर अख्खं गाव बाकांवर पाय आपटत होतं.

नोएल ट्रिपलेट फिजिओच्या टेबलावर पाय हलवत बसली होती. दुसऱ्या क्वार्टरच्या शेवटी सुटलेल्या बॉलवर तिने झेप घेतली आणि तिचं डोकं लाकडी फ्लोअरवर आपटलं. तो आवाज ग्रेटाला बेंचवर ऐकू आला होता.

“कोच, माझ्या डोक्यात हलण्यासारखं होतंच काय?” नोएल म्हणाली.

वॉल्ट हसला. ग्रेटा हसली नाही.

आठ कॉलेजांच्या गटाची, म्हणजे कॉन्फरन्सची, ही बास्केटबॉल फायनल होती. जिंकेल तो संघ राष्ट्रीय स्पर्धेत जाणार. हे कॉलेज तिथे एकदाच गेलं होतं, पंधरा वर्षांपूर्वी, ग्रेटा होल्मक्विस्ट स्वतः खेळत होती तेव्हा. शेवटच्या सेकंदाला डाव्या कोपऱ्यातून तिने टाकलेला बॉल रिंगवर दोनदा आपटून आत पडला. त्या क्षणाचा फोटो जिमच्या दाराशी लावलेला आहे. मॅचला उतरताना प्रत्येक मुलगी त्याच्या चौकटीला हात लावते. दर वर्षी नव्या मुलींना ग्रेटा पहिल्याच आठवड्यात ती गोष्ट सांगते. कानशिलावर बसलेलं कोपर, ‘मी ठीक आहे’ म्हणून पुन्हा मैदानात उतरणं, उरलेले नऊ सेकंद, रिंगवरचे दोन टप्पे. नोएलने ती गोष्ट शाळेत असतानाच ऐकली होती. मोठ्या विद्यापीठाचं बोलावणं सोडून ती इथे आली, ती त्या गोष्टीसाठीच.

आज संघ दोन गुणांनी पुढे होता. एकतीसपैकी सोळा गुण नोएलचे होते.

ग्रेटाने कागद पुन्हा पाहिला. या मुलीला संघाच्या त्रेचाळीस चाली पाठ होत्या. समोरच्या संघात कुणाचा कोणता हात कच्चा, हे ती झोपेतून उठवलं तरी सांगायची. आणि ऑगस्टमध्ये, सीझन सुरूही झालेला नसताना, तिला दहापैकी चारच शब्द आठवले होते.

ग्रेटाने तो आकडा तेव्हाच पाहिला होता. तेव्हाच तिला कळलंही होतं. सीझनआधी प्रत्येकीच्या स्मरणशक्तीची चाचणी होते. तिथे मुद्दाम कमी सांगून ठेवायचं. मग पुढे डोक्याला मार बसला तरी आकडे जुळतात आणि कुणी बाहेर बसवत नाही. शेवटच्या वर्षाच्या मुली हे नव्या मुलींना शिकवून जातात. ग्रेटालाही कुणीतरी शिकवलं होतं. ऑगस्टमध्ये तिने त्या कागदावर सही केली आणि तो फाईलला लावून टाकला.

तिने दार उघडून लॉकर रूममध्ये हाक दिली. “ॲनिका, तिसऱ्या क्वार्टरला तू उतर.”

“ग्रेटा, चाचणीत पास झालीय ती,” वॉल्ट म्हणाला.

“माहीत आहे मला.”

“ॲनिका?” नोएल टेबलावरून खाली उतरली. उतरताना तिने टेबलाची कड धरली. “कोच, ती डाव्या हाताने दारसुद्धा उघडत नाही. दहा मिनिटांत लाज घालवेल आपली.”

“बस खाली.”

“माझं शेवटचं वर्ष आहे. जूनमध्ये मी मावशीच्या दातांच्या दवाखान्यात फोन उचलत बसणार आहे. मला दुसरी फायनल नाही.” तिचा आवाज चढला. “तुम्ही बसला असतात बाहेर? तुम्हाला तर माझ्यापेक्षा जोरात लागलं होतं. तुम्हीच सांगता.”

ग्रेटाने दार लावून घेतलं. बँडचा आवाज कमी झाला. ती टेबलाशेजारच्या स्टुलावर बसली.

“तो शॉट मला आठवत नाही,” ती म्हणाली.

“कोणता?”

“तोच. कोपर लागलं, ते आठवतं. त्यानंतरचं एकदम दुसऱ्या दिवसाचं, हॉस्पिटलात आई माझे केस विंचरत होती. मधलं काहीच नाही. ती गोष्ट मी व्हिडिओ बघून पाठ केलीय. फोटोतली मुलगी मी आहे, हे मला लोकांनी सांगितलं.”

वॉल्ट चिकटपट्टी गुंडाळत होता. त्याचे हात थांबले. पंधरा वर्षांपूर्वीचा कागदही त्यानेच तपासला होता, आणि तेव्हाही आकडे जुळले होते.

“ऑगस्टमध्ये तुझा कागद बघून मला कळलं होतं,” ग्रेटा म्हणाली. “मी बोलले नाही. मला तुझे हे सोळा गुण हवे होते.”

बाहेर भोंगा वाजला. संघ मैदानात निघाल्याच्या टाळ्या आल्या. नोएल टेबलाला टेकून उभी होती. तिने बुटाची नाडी सोडायला हात खाली नेला, तोल गेल्यासारखं झालं तशी ती हळूच जमिनीवर बसली.

“ऑगस्टमध्ये दहाच्या दहा आठवत होते, कोच,” ती म्हणाली. “चार मी मुद्दाम सांगितले होते. आत्ता खरंच चारच आठवतायत.”