लॉकरच बसव

"लॉकरच बसव," ड्वेन म्हणाला. "त्यात विचारायचं काय?"

नोरीनच्या हातातला कॉफीचा पेला ओठांपाशीच थांबला. तिच्या नवऱ्याची, ड्वेनची, डिझेल पिकअप लिफ्टवर चढवलेली होती. मागचा ॲक्सल उघडा पडला होता आणि आतले गिअरचे तुटलेले दाते कर्बी मेकॅनिकने एका ताटलीत काढून ठेवले होते. टेबलावर मागच्या दोन चाकांत जोर वाटून देणारी दोन नवी डिफरन्शियल्स तेलात चकाकत होती. त्यातलं एक आज बसणार होतं.

"घाई करू नकोस," कर्बी म्हणाला. दोघं एकाच शाळेत शिकलेले, त्यामुळे तो ड्वेनला कधी भीत नसे. "हे आपोआप चालणारं. एक चाक घसरायला लागलं की जोर दुसऱ्याकडे वळवतं. तुला काही करावं लागत नाही. आणि हा लॉकर. बटण दाबलं की दोन्ही चाकं एकत्र फिरतात. चिखलातून ओढून काढेल, पण बर्फाळ डांबरी रस्त्यावर तसाच चालू राहिला तर मागची बाजू कधी पुढे येईल सांगता येत नाही. बटण आठवणीने बंद करावं लागतं."

तो सहज बोलून गेला. नोरीनला मात्र मागचा अपघात आठवला.

फेब्रुवारीत पुलाजवळच्या वळणावर पिकअप गर्रकन फिरली होती. समोरून शाळेची बस नुकतीच गेली होती. आतल्या मुलांच्या रंगीत टोप्यासुद्धा नोरीनला दिसल्या होत्या. पिकअप खड्ड्यात जाऊन रस्त्याखालच्या मोरीच्या सिमेंटवर आदळली. ड्वेन बर्फाला शिव्या घालत खाली उतरला. नोरीन आतच बसून राहिली, कारण समोर लॉकरचा पिवळा दिवा जळत होता. टेकडीवरच्या गायींना चारा टाकून उतरताना बटण बंद करायचं तो विसरला होता. लोक मदतीला धावत येत होते. तिने हात लांब करून बटण दाबलं. दिवा विझला.

तेव्हापासून ती गप्प होती. एके दिवशी त्याने गायींना दोनदा चारा टाकला, तेव्हाही. गावातून फोन करून त्याने विचारलं, "मी इथे कशाला आलो होतो गं?" तेव्हा तिने हसून "खिळे आणायला" म्हटलं होतं. डॉक्टरचं नाव काढलं की तो उठून गोठ्यात जायचा.

"ड्वेन," ती आता म्हणाली, "आपोआपवालं घेऊ या ना."

"ते घरच्या चढावर कुचकामी आहे. एक चाक हवेत गेलं की बसलं रडत. वर फोन लागत नाही. एकटं माणूस तिथे अडकलं तर सकाळपर्यंत गोठून जाईल."

"तू एकटा जातोस कशाला मग?"

"बघितलंस, कर्बी? लग्नाच्या वेळी हिला गिअर कुठला नि ब्रेक कुठला ते माहीत नव्हतं. आता मला अक्कल शिकवते."

कर्बी हसला. नोरीन हसली नाही. तिने पेला टेबलावर ठेवला.

"कर्बी, लॉकर बसवू नकोस." तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "पुलावर बर्फाचा दोष नव्हता. लॉकर चालूच राहिला होता. हा विसरला होता. लोक यायच्या आत मी बटण बंद केलं."

कर्बी उगाच पाना पुसत बसला. ड्वेनची जन्मभराची अब्रू तिने त्याच्याच मित्रासमोर घालवली होती. ड्वेन आता दार आपटून निघून जाईल, असं तिला वाटलं. तो गेला नाही. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि टोपीच्या काठावरून अंगठा फिरवला.

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"तू हात पुढे केलेला मी काचेतून पाहिला. मग काय झालं असेल ते कळलं. चाऱ्याचंही कळलं. खिळ्यांचंही. घरात खिळ्यांचे डबेच्या डबे पडलेत, नोरीन."

तिला रडू फुटलं. पण त्याच क्षणी त्याने टेबलावरचं ते लॉकरवालं जड डिफरन्शियल कर्बीकडे सरकवलं. "हेच बसव."

"ड्वेन!" आता ती ओरडली. "सगळं कळूनही? त्या बसमध्ये मुलं होती!"

तो तिच्याकडे वळला नाही. कर्बीने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. दोघांपैकी कुणाचं ऐकावं ते त्याला कळेना. शेवटी गाडी ज्याची त्याचंच ऐकायचं असं ठरवून, नाराजीनेच, त्याने खिशातून पेन्सिल काढली.

"बटण कुठे देऊ? आधीसारखंच डाव्या हाताला?"

"मला काय विचारतोस?" ड्वेनने पिकअपची किल्ली खिशातून काढली आणि नोरीनच्या तळहातावर ठेवली. "तिचा हात कुठे पोचतो ते बघ. चालवणार ती आहे."