सत्काराची चादर

सत्काराची चादर घेऊन विणकर नरसय्या स्टेजवर चढला, पाहुण्या साहेबाच्या खुर्चीसमोर उभा राहिला. गेल्या वर्षी याच हॉलमध्ये या पाहुण्या साहेबानं सगळ्यांना घाबरवलं होतं, "क्वांटम कॉम्प्युटर येतोय! तुमच्या बिटकॉइनचं कुलूप चुटकीसरशी फोडेल. त्या कुलपाच्या किल्लीचे बारा गुप्त शब्द आमच्या क्वांटमप्रूफ ॲपमध्ये भरा." नरसय्यानं भरले, म्हणजे किल्लीच साहेबाच्या हाती दिली. मागावर उभं राहून जमवलेलं, बिटकॉइनमध्ये ठेवलेलं सगळं रातोरात गेलं. जाब विचारला तर साहेब हसला: "मामा, क्वांटमनं फोडलं असणार." आज तो पुन्हा तेच ॲप विकायला आला होता, आणि त्याच्या नावाची चादर संयोजकांनी नरसय्यालाच विणायला सांगितली होती. नरसय्यानं ती साहेबाच्या खांद्यावर घातली नाही. हॉलसमोर उलगडून धरली. नावाखाली लाल अक्षरांत विणलं होतं: चोर. साहेब हिसकायला धावला. "घे की, तुझीच हाय," नरसय्या कडाडला. "कितीबी धू, रंग पक्का हाय."